सुई किती उघडायची

२ डिसेंबर १९४६, सोमवार

...आणि मी दारात बसून राख चाळत होते. पाणी भरून झालं होतं, दळण झालं होतं, शेळीला पाला टाकून झाला होता. भांडी घासायला राख बारीक लागते, म्हणून मी ती जुन्या धोतराच्या तुकड्यातून चाळते. मागच्या अंगणात ह्यांनी बोटीची मोटर पाण्याच्या टिपाडाला अडकवली होती आणि दोरी ओढत होते. तिसऱ्यांदा ओढल्यावर मोटर लागली. आधी फुटका, अडखळता आवाज. मग ह्यांनी काहीतरी फिरवलं आणि आवाज हळूहळू एका सुरात आला. तसा तो आला की मी हात धुऊन तवा चुलीवर ठेवायची, कारण पाच मिनिटांत हे जेवायला येणार.

एवढंच. त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. तीन-चार वर्षांपूर्वीचा कुठलातरी दिवस. पण श्रावणात हे गेले तेव्हापासून मी आठवायला बसले की तोच दिवस येतो. खोकला, ताप, शेवटचे आठ दिवस येत नाहीत. बरंच आहे.

हे धरणावर फिटर मिस्त्री होते, ही डायरी ह्यांना धरणाच्या कचेरीतून मिळाली होती. सगळी कोरीच राहिली. वर्ष संपत आलं, पानं वाया जाऊ नयेत म्हणून लिहायला घेतली.

आज ओव्हरसियर नृसिंहराव आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "बाई, वरून पत्र आलंय. बोट चालत नसेल तर मोटर नगरच्या गुदामात जमा करायची आणि मिस्त्रीची खोली मोकळी करायची. महिनाअखेरपर्यंत."

मी विचारलं, "आणि चालत असेल तर?"

ते म्हणाले, "चालत असेल तर ठेवता येईल. दवाखान्यातल्या नर्सबाई दर सोमवारी पाण्यापलीकडे रतनवाडीला जायला तयार आहेत. पण वल्ह्याच्या होडीत अर्धा अर्धा दिवस बसायला तयार नाहीत. पण बाई, चालवणार कोण?"

"होडी हाकायला कानिफबाबा आहेत."

"आणि मोटर?"

मी म्हटलं, "बघते."

का म्हटलं, कोण जाणे. ते गेल्यावर मोटरीवरची गोणपाटं काढली आणि परत घातली.

३ डिसेंबर, मंगळवार

ह्यांची वही काढली. ह्यांचं सगळं लिहिणं मोडीत, झरझर, टाक न उचलता. मला मोडी येत नाही. मला बालबोध येते, तीही पोथीवरून. सासरे रोज संध्याकाळी पोथी वाचायचे, मी चुलीपाशी बसून ऐकायची. ऐकून ऐकून ओव्या पाठ झाल्या. ते गेल्यावर पोथी समोर घेतली आणि पाठ असलेल्या ओवीवर बोट फिरवत कुठलं अक्षर कुठे येतं ते शोधत बसले. दोन पावसाळे लागले. ह्यांना कळलं तेव्हा हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी नगरहून आलेलं वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवलं आणि कामाला गेले.

वहीची शेवटची सहा पानं मात्र बालबोधीत आहेत. ठळक, सुटी सुटी अक्षरं, मुलाच्या पाटीवर काढावीत तशी. मोटर कशी उतरवायची, कुठला पान्हा कुठे लावायचा, मध्ये मध्ये चित्रंसुद्धा. वरची तारीख जेठातली आहे. तेव्हा ह्यांची बोटं थरथरत होती. मोडी एवढी हातातली असताना हा खटाटोप कशाला केला कळत नाही. पुढे येणाऱ्या मिस्त्रीसाठी असेल, हल्लीच्या पोरांना मोडी येत नाही.

एके ठिकाणी लिहिलंय, "डबी उघडताना खाली ताट धरावे, स्क्रू हरवतो. मोठे पितळी नको, कड चेपलेले जर्मनचे धरावे." नव्या मिस्त्रीला आमचं चेपलेलं ताट कसं ठाऊक असणार? घाईत लिहिलं असेल.

५ डिसेंबर, गुरुवार

कानिफबाबा आणि मी मिळून मोटर टिपाडाला लावली. कानिफबाबा साठीच्या पुढचे, जातीचे महादेव कोळी, जन्मभर ह्याच पाण्यावर होडी हाकतात. त्यांची लेक साळू पलीकडे रतनवाडीला दिली आहे, तिचे दिवस भरत आलेत. पहिली दोन्ही बाळं गेली. म्हणून नर्सबाईंचं नाव निघाल्यापासून ते रोज येऊन ओट्यावर बसतात.

मोटर युद्धाच्या आधीची. बंगल्यातल्या साहेबाने सहलीला आणली होती. इथले लोक तिला पाण्यातली फटफटी म्हणतात. दिवसभर कारबुरेटर साफ केला. हे मोटरीचं तोंड. हवा आणि पेट्रोल इथे मिसळून आत जातं. पेट्रोल किती जायचं ते एक पितळी सुई ठरवते. ती आत फिरवली की पेट्रोल कमी, बाहेर फिरवली की जास्त. आत सगळा चिकट, पिवळा गाळ बसला होता. वहीत लिहिलंय, "बारीक भोक तारेने कोरू नये, मोठे होते. फुंकावे." फुंकून फुंकून डोकं हलकं झालं.

कानिफबाबा म्हणाले, "बाई, चुलीत जाळ व्हायचा आता ह्या फुंकीनं."

९ डिसेंबर, सोमवार

आज पहिल्यांदा लागली. आठव्यांदा दोरी ओढल्यावर. मग जे झालं ते लिहायला लाज वाटते.

अंगण धुराने भरलं. निळा, तेलकट धूर. शेळीने दावं तोडलं. मोटर खोकली, कारबुरेटरमधून उलटी फुसफुसली, थुंकल्यासारखी, आणि मी वेगाची दांडी थोडी पुढे सरकवताच बंद पडली. तीनदा असंच. प्लग काढला तर काळा, चिकट.

"तुमची फटफटी बिडी वढती का चिलीम?" कानिफबाबा डोळे पुसत म्हणाले.

वही पुन्हा वाचली. पान पाच:

"पेट्रोल डबा १ तेल शेर ।

सुई हलक्या हाताने बंद करावी जोर लावू नये

मग सुई उघडावी फेरे १॥"

पेट्रोलचा डबा एक, तेल शेर, दोन्ही मोजून घातलं होतं. सुई बंद करून फेरा एक उघडली होती. एकदम बरोबर. काही ओळींच्या शेवटी हे पोथीतल्यासारख्या काठ्या काढतात, काहींच्या शेवटी नाही. एरवी देवासमोर बसायला ह्यांना वेळ नसायचा, पण लिहिताना वडिलांची पोथी आठवली असेल.

१२ डिसेंबर, गुरुवार

नगरहून रंगनाथ भावजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, तिथल्या छापखान्यात आहेत. माझ्यासाठी चहाची पुडी आणली.

"वहिनी, किती दिवस हे? चला आता. माळ्यावर जागा करून ठेवली आहे. हिलाही हाताखाली कोणीतरी हवंच आहे, चार पोरं, तिच्याने होत नाही."

मी म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत थांबा."

"कशासाठी? त्या मोटरीसाठी?" ते हसले. वाईट नाही हसले. "वहिनी, दादाला ती यायची. तुम्ही पोथी वाचता म्हणून काय इंजिन वाचणार? आणि समजा चालली. तुमच्यासारखीने पुढे बसून नेलेल्या बोटीत कोण पाय टाकेल? लोक सकाळी तोंड बघायला नको म्हणतात."

ओट्यावरून कानिफबाबा म्हणाले, "मी टाकीन की. माझं तोंड तरी कुनाला बघावं वाटतंय."

भावजी जेवून नगरच्या दुपारच्या मोटारीने गेले. एकतीस तारखेला न्यायला येतो म्हणाले.

भावजी वाईट नाहीत, हे मुद्दाम लिहून ठेवते. त्यांच्या घरी मला दोन वेळा जेवायला मिळेल आणि कोणी वेडंवाकडं बोलणार नाही. पण तिथे माझ्या हाताला दुसऱ्याच्या चुलीशिवाय काही असणार नाही. इथे निदान उठल्यावर पाणी दिसतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा तेच. धूर, थुंकणं, बंद.

कानिफबाबा म्हणाले, "ती सुई अजून जरा पिळून बघा की."

मी म्हटलं, "ह्यांनी एक फेरा लिहिलाय. एकच."

"मिस्त्रीनं लिवलं ते खरं. पर मिस्त्री काय आता बघाया हाय?"

मला राग आला. मी त्यांना घरी जा म्हटलं आणि ते गेले. नंतर वाईट वाटलं. पण ह्यांनी शेवटी लिहिलेलं हे. त्यात मी माझं घुसडलं तर मग ह्यांचं काय उरलं?

पेट्रोलचे दोन डबे होते, रेशनचे. एक अर्ध्याहून जास्त संपला.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज झालं ते सगळं लिहिते.

हे गेल्यापासून माझं रेशन कानिफबाबांची बायको बनुबाई आणायची. ती लेकीकडे पलीकडे गेली, म्हणून आज मी स्वतः शेंडी गावात खाजाभाईंच्या दुकानात गेले. कार्डावर ह्या आठवड्याचा तांदूळ लिहिलेला होता, "शेर १॥". खाजाभाईंनी एक शेर माप पिशवीत ओतलं आणि वर अर्धं माप आणखी ओतलं.

मी म्हटलं, "खाजाभाई, माप चुकलं. कार्डावर एक लिहिलाय. तुम्ही जास्त घातलात."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "फिटरीणबाई, तीस वर्षं दुकान चालवतोय. कमी घातलं म्हणून भांडणारे रोज येतात. जास्त घातलं म्हणून भांडणारं गिऱ्हाईक आज पहिलं."

"पण एकच आहे. हे बघा."

"एक. आणि ह्या दोन काठ्या? ह्या काय शोभेला काढल्यात?"

"त्या थांबायच्या."

"कुठं थांबायच्या?"

"ओवी संपली की."

दुकानात चार माणसं होती, सगळी हसली. खाजाभाई हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने काढून दाखवलं. "पोथीत थांबायच्या असतील, बाई. बाजारात एक काठी म्हणजे पाव. दोन म्हणजे अर्धा. तीन म्हणजे पाऊण. एकापुढे दोन काठ्या, दीड. हे तर आमच्या घरची पोरंही सांगतील."

मला शाळेत कोणी बसवलं नाही. पोथीत ह्या काठ्या पानोपानी असतात आणि त्यांच्यामध्ये ओवीचा आकडा असतो. मी त्या अशाच वाचत आले.

मी तो कागदाचा तुकडा हातात घेतला. मग म्हटलं, "आणि आकडा नसेल, नुसती एक काठी असेल तर? 'तेल शेर' आणि पुढे एक काठी?"

"पाव शेर. कशात घालायचंय?"

मी पूर्ण शेर घातलं होतं. चौपट.

तांदूळ दुकानात ठेवून मी तशीच निघाले. अर्ध्या वाटेवर आठवलं, परत जाऊन आणला. खाजाभाई म्हणाले, "आता दीड आहे ना बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर."

घरी आल्यावर पान पाच पुन्हा वाचलं. ते पान तेच होतं. ह्यांनी सगळं बरोबर लिहिलं होतं. फक्त काठ्यांची सवय सुटली नव्हती, आयुष्यभर तशीच मापं लिहिली. आणि मला त्या वाचता येत नाहीत हे ह्यांना कुठून ठाऊक असणार, मी कधी विचारलंच नाही.

आधी कानिफबाबांच्या झोपडीवर जाऊन त्यांना उद्या या म्हणून सांगून आले. शुक्रवारचं काही बोलले नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

टाकीतलं तेलकट पेट्रोल कंदिलाच्या बाटलीत काढून ठेवलं. टाकी पुसली. नवं मिश्रण केलं, तेल पाव शेर. प्लग राखेने घासून धुतला, वाळवला. सुई हलक्या हाताने बंद केली. एक फेरा. मग अर्धा.

कारबुरेटरच्या डबीवरची टिकली पेट्रोल पाझरेपर्यंत दाबून धरली. दोरी चौथ्यांदा ओढल्यावर लागली. धूर थोडासा आला आणि विरला. आवाज आधी फुटका होता. मी दांडी सरकवली, बंद पडली नाही. मग पाण्यात घुमत घुमत तो एका सुरात आला.

मी उठून आत गेले आणि तवा चुलीवर ठेवला.

तापल्यावर लक्षात आलं की जेवायला येणारं कोणी नाही. मागे मोटर चालूच होती. मग परातीत पीठ घेतलं, दोन भाकरी केल्या आणि कानिफबाबांना वाढल्या. त्याआधी मोटर बंद करून आले, पेट्रोल जळत होतं.

२२ डिसेंबर, रविवार

बोट पाण्यात घातली. भेगा डांबराने भरल्या होत्या, तरी एका ठिकाणी पाझरते. बरोबर डबडं ठेवावं लागेल.

कानिफबाबा पुढे वल्हं घेऊन बसले, मी मागे मोटरीपाशी. बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा मी फळी घट्ट धरून होते. लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि ह्या बोटीत मी दोनदा बसले असेन. धरणाच्या भिंतीपासून दूर गेल्यावर दांडी पुढे केली. पाणी मागे फाटत गेलं. कानिफबाबांनी वल्हं आडवं ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसले.

"आयुष्यात पहिल्यांदा असा रिकामा बसलोय पान्यावर," ते म्हणाले. "लई वंगाळ वाटतंय."

पाण्यातल्या बेटापर्यंत जाऊन परत आलो. येताना ते म्हणाले, "शिमग्यात मिस्त्री मला म्हनले हुते, कानिफा, हिला वाचता येतं, मला काळजी न्हाई."

"कसली काळजी?"

"ते न्हाई सांगितलं. खोकला आला मंग."

कसली काळजी असेल? शिमग्यात तर सगळं ठीक होतं, हे कामावर जात होते. कचेरीच्या कागदपत्रांचं काहीतरी असेल. ह्यांच्या पेटीतले सगळे कागद एकदा बघायला हवेत.

२९ डिसेंबर, रविवार

आज नृसिंहराव बघायला आले. रविवार निवडला, कारण कचेरीला सुट्टी. कानटोपी, मफलर, कोट, वर घोंगडी. अट साधी सांगितली. "रतनवाडीला जायचं आणि यायचं. मध्ये बंद पडली तर मला पुढे लिहिता येणार नाही, बाई. नर्सबाईंना मध्येच अडकवून ठेवता यायचं नाही."

पाण्यावर धुकं होतं. थंडी अशी की दोरी हातात टोचत होती. मोटर सातव्यांदा दोरी ओढल्यावर लागली. नृसिंहराव प्रत्येक वेळी मोजत होते, मनात, पण ओठ हलत होते.

निम्मं अंतर गेल्यावर आवाज बदलला. आधी मलाच वाटलं की भास आहे. मग एकदा थुंकली. पुन्हा थुंकली. कानिफबाबांनी वल्हं हातात घेतलं. नृसिंहराव वळून माझ्याकडे बघायला लागले.

सुई दीडवर होती. मी स्वतः मोजली होती. ह्यांनी दीड लिहिलंय आणि दीडच होती.

मी सुईवर हात ठेवला. ह्यांनी ते जेठात लिहिलं, अंगणात ऊन असताना. आज पाणी बर्फासारखं आहे. हे असते तर वही उघडून बघितली असती का? नसती. हे ऐकायचे.

"काय करताय?" नृसिंहराव म्हणाले.

"ऐकतेय. जरा बोलू नका."

ओव्हरसियरला मी असं म्हटलं. सुई अगदी थोडी बाहेर फिरवली, नखाएवढी. थुंकणं कमी झालं. अजून नखभर. थुंकणं थांबलं. अजून नखभर फिरवली तर आवाज जड झाला, तशी परत घेतली. मग तो जमला. चाळीस पावलांवर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण आवाज मला दिसल्यासारखा कळत होता. सोळा वर्षं मी तो चुलीपाशी बसून ऐकला आहे. मला तो येतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

रतनवाडीला धक्का नाही, चिखलात उतरावं लागतं. नृसिंहरावांचे बूट गेले. काठावर बायका उभ्या होत्या. साळू बनुबाईच्या खांद्याला धरून आली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तूच हाकलीस?"

"हो."

"उद्या खरंच येनार का ती बाई?"

मी नृसिंहरावांकडे बघितलं. ते बुटातला चिखल काढत होते. म्हणाले, "आधी परत तर पोचवा मला."

येताना ऊन चढलं. सुई हळूहळू दीडवर आणली. एकदाही थांबलो नाही.

धक्क्याला लागल्यावर नृसिंहराव म्हणाले, "कागदावर नाव कानिफनाथचं घालावं लागेल. बाईमाणसाला मिस्त्री म्हणून घ्यायला कलमच नाही."

"घाला," मी म्हटलं. "आणि खोली?"

"खोली मिस्त्रीची. म्हणजे कानिफनाथची."

कानिफबाबा बोट बांधत होते. "मला झोपडी हाय माझी. खोलीत फिटरीणबाई ऱ्हाईल. मोटर तिथंच ठेवायची ना? मंग मोटरीजवळ मानूस नको?"

नृसिंहरावांनी मफलर सोडला. मग म्हणाले, "मोटरीच्या देखरेखीसाठी, असं लिहितो. तेवढं चालेल. उद्या सकाळी आठला नर्सबाईंना घेऊन येतो. पुढचं दर सोमवारी."

आत येऊन खूप वेळ काही केलं नाही. रडू आलं, पण थोडंच. मग पेट्रोल किती उरलं ते बघितलं. अर्धा डबा आहे. उद्याला पुरतं.

३० डिसेंबर, सोमवार

सकाळी पाचला उठून भावजींना पत्र लिहिलं. मी इथेच राहते आहे, उद्या येऊ नका, संक्रांतीला सगळे मिळून या, असं लिहिलं. नगरला जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ दिलं. आठला नर्सबाई आल्या. त्यांची पेटी पुढे ठेवली, त्यांना मधल्या फळीवर बसवलं आणि रतनवाडीला नेलं. त्यांनी साळूला आणि आणखी पाच बायकांना तपासलं. दुपारी त्यांना परत आणून सोडलं.